भिंतीवरचं वचन आणि बाबेलला गेलेलं पत्र

आदरणीय ताई,

प्रभूमध्ये सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमच्या मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना झाली की प्रत्येकाला नव्या वर्षासाठी वचनाची चिठ्ठी मिळते. मागच्या वेळी मला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ मिळालं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हांला आशा देणारे आहेत, असं परमेश्वर म्हणतो, ते वचन. मला इतका आनंद झाला की मी ते छापून, फ्रेम करून हॉलमध्ये लावलं.

मार्चमध्ये मिस्टरांची कंपनी बंद पडली. पैशांअभावी मुलाचं बारावीनंतरचं ॲडमिशन राहिलं. सासूबाईंचं दुखणं वाढलं. प्रार्थनेच्या गटात एक बहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "वचन खोटं ठरत नाही, तुमचाच विश्वास कमी पडला." माझे धाकटे दीर सेमिनरीत शिकतात. ते म्हणाले, "वहिनी, ते वचन तुमच्यासाठी नाहीच. ते बाबेलच्या बंदिवानांना लिहिलेलं आहे. त्या काळात ठेवूनच वाचायला हवं." खरं सांगते, बहिणीपेक्षा मला दिरांचं बोलणं जास्त लागलं. सगळंच त्या त्या काळातल्या लोकांसाठी असेल तर आमच्यासारख्यांसाठी शास्त्रात उरलं काय? ती फ्रेम ठेवू की काढू? आणि कोणतं वचन कुठल्या काळातलं, हे माझ्यासारख्या दहावी शिकलेल्या बाईने ओळखायचं कसं?

— तुमची एक भगिनी

प्रिय भगिनी,

सलाम. तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. बाकी सगळं नंतर, पण हे आधी ऐका आणि मनात ठेवा. कंपनी बंद पडली ती तुमच्या प्रार्थनेत खोट होती म्हणून नव्हे. आणि ज्या पुस्तकातलं वचन तुमच्या भिंतीवर आहे, त्याच पुस्तकात त्या बहिणीच्या बोलण्याला उत्तर आहे. ते मी पुढे दाखवते.

तुमच्या दिरांचं म्हणणं खरं आहे, पण ते अर्ध्यावर थांबले. वचन बाबेलच्या बंदिवानांना लिहिलेलं आहे एवढं सांगून उठून जायचं नसतं. ते बंदिवान कोण, ते तिथे कसे पोहोचले, त्यांना हे पत्र का लिहावं लागलं, ते वाचून त्यांचं काय झालं, हे सांगायला बसायचं असतं. तसं ते बसले असते तर काहीतरी हिरावून घेतल्यासारखं तुम्हांला वाटलं नसतं. म्हणून आज त्यांचं राहिलेलं काम मी करते.

इ.स.पू. ५९७ च्या मार्चमध्ये बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा नबुखद्नेस्सर याने यहूदा राज्याची राजधानी असलेलं यरुशलेम घेतलं. ही तारीख आपल्याला इतकी नेमकी माहीत आहे ती एका मातीच्या पाटीमुळे. बाबेलचे लेखक राजाच्या मोहिमांच्या वर्षवार नोंदी ठेवत, त्यांतली एक पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तिचा मजकूर १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. राजाने आपल्या सातव्या वर्षी यहूदाच्या नगरापुढे तळ दिला, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी नगर घेतलं, तिथल्या राजाला धरलं, आपल्या पसंतीचा राजा बसवला आणि मोठी खंडणी घेऊन तो परतला, असं तिच्यावर लिहिलं आहे. आता २ राजे, अध्याय २४ काढून शेजारी ठेवा. तीच हकिकत, पण हरलेल्यांच्या बाजूने. धरलेला राजा म्हणजे यहोयाखीन, वय अठरा, गादीवर बसून जेमतेम तीन महिने झालेले. त्याच्याबरोबर त्याची आई, राण्या, सरदार, कारागीर, लोहार असे हजारो लोक नेले. मागे उरले ते देशातले अगदी गरीब. गादीवर बसवला तो यहोयाखीनचा चुलता सिद्कीया.

म्हणजे ज्यांना पत्र गेलं ते कुणी लांबचे पुराणपुरुष नव्हते. ज्यांच्या हातात कसब होतं, ज्यांचं कालपर्यंत बरं चाललं होतं आणि एका वर्षात ज्यांचं सगळं गेलं, ती ही माणसं होती. तुमच्या मिस्टरांना ती परकी वाटणार नाहीत.

या लोकांना आणि मागे राहिलेल्यांना सगळ्यांना एकच गोष्ट ऐकायची होती, की हे लवकर संपेल. आणि तसं सांगणारे उभे राहिले. यिर्मयाचा २८ वा अध्याय काढा. सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५९४-९३ च्या सुमारास, गिबोनचा हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर, सगळ्या लोकांसमोर उभा राहिला. दोन वर्षांच्या आत यहोयाखीन परत येईल, मंदिरातली लुटून नेलेली भांडी परत येतील, सगळे बंदिवान परत येतील, असं त्याने परमेश्वराच्या नावाने सांगितलं. त्या वेळी यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं. बाबेलची सत्ता आता मान वाकवून सोसावी लागणार, हे लोकांना दिसावं म्हणून देवाच्या सांगण्यावरून तो ते घालून फिरत होता.

हनन्याचं ऐकून यिर्मयाने पहिला शब्द काय उच्चारला माहीत आहे? "आमेन." परमेश्वर तसंच करो, असं तो म्हणाला. ही जागा मी आमच्या वर्गात बायकांना दोनदा वाचायला लावते. यिर्मयाला लोकांचं वाईट व्हायला नको होतं. दोन वर्षांत सगळे घरी यावेत असं त्यालाही मनापासून वाटत होतं. पण देवाने आपल्याला तसं सांगितलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग हनन्याने त्याच्या मानेवरचं जू काढलं आणि सगळ्यांदेखत मोडलं. लोकांना तेव्हा किती बरं वाटलं असेल! यिर्मया काही न बोलता तिथून निघून गेला. त्याच वर्षी, सातव्या महिन्यात हनन्या मेला.

२९ वा अध्याय, तुमच्या वचनाचा, यानंतर येतो. सिद्कीयाचे दोन दूत बाबेलला चालले होते, शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या. त्यांच्या हाती यिर्मयाने पत्र दिलं. पुढे एज्रा या याजकाला बाबेलहून यरुशलेमला यायला चार महिने लागले, त्यावरून त्या वाटेची कल्पना करा. पत्रात पहिलं काय लिहिलं आहे? घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावून द्या, तिथे वाढा, कमी होऊ नका. ज्या नगरात मी तुम्हांला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी परमेश्वराकडे प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. स्वप्नं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. आणि मग दहावं वचन येतं: बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमची भेट घेईन.

सत्तर वर्षं. पत्र ऐकणारा चाळिशीचा असेल, तर त्याने ते ऐकताच मनात हिशेब केला असेल. आपण इथेच मरणार. आपली बायको इथेच मरणार. परत जाईल ते आपलं नातवंड. आणि हे ऐकवून झाल्यावर, लगेच, अकराव्या वचनात, तुमच्या फ्रेममधले शब्द येतात.

तुम्हांला चिठ्ठी मिळाली त्यात दहावं वचन नव्हतं. ते कुणी मुद्दाम लपवलं नाही, चिठ्ठीत जागाच तेवढी असते. पण दहावं वाचल्याशिवाय अकरावं वाचलं की ते हनन्याचं वचन होतं. मग त्याचा अर्थ लागतो की यंदा, या वर्षाच्या आत, आपलं मार्गी लागणार. यिर्मयाने लिहिलं ते याच्या उलट होतं. तुमचं लवकर मार्गी लागणार नाही, तरी मी तुम्हांला विसरलो नाही, माझ्या मनात तुमचं हितच आहे, असं देव त्या लोकांना सांगत होता. ज्यांचं वर्ष चांगलं गेलं नाही त्यांनाच उद्देशून हे वचन आहे. म्हणून त्या बहिणीला सांगा, नाहीतर पाळकसाहेबांना सांगायला लावा, की वर्ष वाईट गेल्याने हे वचन खोटं पडत नाही आणि तुमचा विश्वासही खोटा पडत नाही. सगळं लवकर आणि चांगलंच होईल, असं देवाच्या नावाने खात्रीने सांगणारा माणूस या गोष्टीत आहे, पण तो यिर्मया नव्हे.

शिवाय हेही पाहा, की ते पत्र मिळाल्यावर कुणी ते भिंतीवर लावलं नाही. शमाया नावाच्या बंदिवानाने उलट यरुशलेमच्या याजकाला पत्र पाठवलं, की या वेड्या यिर्मयाला खोड्यात का घालत नाही? तो आम्हांला लिहितो की हे लांबणार आहे, घरं बांधा! हे सगळं त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. आज आपण ज्याला गोड वचन म्हणतो, ते पहिल्या वाचकांपैकी एकाला इतकं कडू लागलं होतं.

मग त्या बंदिवानांचं पुढे काय झालं? इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण या भागावर माझा फार जीव आहे.

जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डेवाय याने १८९९ ते १९१७ या काळात बाबेलचे अवशेष खणले. नबुखद्नेस्सरच्या राजवाड्यात त्याला शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या सापडल्या. अर्न्स्ट वाइडनर यांनी १९३९ मध्ये त्या वाचून प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांत एक नाव निघालं: यहूदाचा राजा यहोयाखीन. त्याला किती तेल द्यायचं ते लिहिलेलं, आणि खाली त्याच्या पाच मुलांना मिळून अडीच सिला तेल. सिला म्हणजे लिटरहून थोडं कमी माप. कैदेतला राजा, आणि कोठाराच्या कारकुनाने त्याच्या पोरांच्या नावे लिहिलेलं अडीच मापं तेल. आता यिर्मयाचं सहावं वचन आठवा, मुलंबाळं होऊ द्या, कमी होऊ नका. अठराव्या वर्षी बंदिवासात गेलेल्या त्या मुलाला तिथे पाच मुलं झाली होती. २ राजे या पुस्तकाचा शेवटही यहोयाखीनच्या ताटापाशीच होतो. बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी बाबेलच्या नव्या राजाने त्याला कैदेतून काढलं आणि जन्मभर त्याला रोजचा शिधा मिळत राहिला.

राजाचं असं झालं, पण साध्या माणसांचं काय? त्याचंही उत्तर आता मिळालं आहे. बाबेलच्या मुलखात 'यहूद-नगर' अशा नावाचं एक गावच होतं. तिथल्या आणि आसपासच्या व्यवहारांच्या शंभरेक मातीच्या पाट्या लॉरी पीअर्स आणि कॉर्नेलिया वुन्श यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या उत्खननातून न येता जुन्या वस्तूंच्या बाजारातून आल्या, ही त्यांतली उणीव आहे. पण मजकुराबद्दल अभ्यासकांना शंका नाही. सगळ्यांत जुनी पाटी इ.स.पू. ५७२ ची, म्हणजे यरुशलेम जळाल्यानंतर (त्याविषयी पुढे सांगते) पंधरा वर्षांच्या आतली. त्यांत काय आहे? जव आणि खजूर. जमिनीचा खंड, सारा, उसनवारी, बैल, वाटणीपत्र. रफायाचा मुलगा अहीकाम याच्या घराण्याचे कागद तर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. परमेश्वराचं नाव ज्यांच्या नावात गुंफलेलं आहे अशी माणसं परक्या मुलखात शेती करताहेत, हिशेब चुकते करताहेत, पोरांना वाटण्या करून देताहेत. बागा लावा, त्यांची फळं खा, या ओळीला मातीचा इतका पुरावा मिळेल असं शंभर वर्षांपूर्वी कुणाला वाटलं नसेल.

पण बंदिवासाचं दुसरं चित्रही खरं आहे, आणि ते झाकून ठेवू नये. सिद्कीयाने शेवटी बंड केलं, दीड वर्ष वेढा पडला, उपासमार झाली आणि इ.स.पू. ५८६ च्या सुमारास मंदिर जळलं. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, त्या मंदिरासाठी यहुदी पंचांगातल्या आव महिन्यात जो उपास धरतात त्याला 'बिरड्याचा रोजा' म्हणतात, म्हणजे त्या आगीचं दुःख मराठीतही पाळलं जातं. स्तोत्र १३७ या आगीतून निघालं आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो, ही त्याची सुरुवात आपण गातो. शेवटचं वचन, बाबेलच्या तान्ह्या मुलांना खडकावर आपटण्याचं, आपण गात नाही, आणि ते उपासनेत वाचायची वेळ आली की पाळकही घसा खाकरतात. ते वचन काळापासून तोडून वाचलं तर भयंकर आहे. ज्याने वेढ्यात आपली लेकरं भुकेने मरताना पाहिली त्याच्या तोंडी ते ठेवा, म्हणजे ती देवाची आज्ञा नाही, एका उद्ध्वस्त माणसाची देवापुढची किंकाळी आहे, हे कळतं. आणि त्याच लोकांना, त्याच शहराविषयी, यिर्मयाने लिहिलं होतं की त्याच्यासाठी प्रार्थना करा. दोन्ही एकाच शास्त्रात आहेत. मला त्यातलं एकही गाळावंसं वाटत नाही.

इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं आणि परतीची वाट उघडली. दुसरं मंदिर इ.स.पू. ५१५ च्या सुमारास पुरं झालं. सत्तर वर्षं कुठून कुठे मोजायची यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. कुणी मंदिर जळण्यापासून नवं मंदिर उभं राहीपर्यंत मोजतात, कुणी बाबेलच्या सत्तेची वर्षं धरून तो गोळाबेरीज आकडा मानतात. मला दुसरं जास्त पटतं, कारण वचनात 'बाबेलची' सत्तर वर्षं म्हटलं आहे. पण सगळे परत गेले नाहीत. बरेच तिथेच राहिले. बगदादचे यहुदी आपली परंपरा त्या बंदिवासापर्यंत नेऊन भिडवतात. त्याच समाजातले डेव्हिड ससून एकोणिसाव्या शतकात मुंबईला आले. पुण्यातलं ससून रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं आणि कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, त्यांनीच बांधवलं. जिथे राहाल त्या नगराचं हित पाहा, हे पत्र लिहिणाऱ्याने पुण्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. ससूनमध्ये आपल्यातले किती जण बरे होऊन आले असतील!

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. वचन तुमचं आहे की नाही?

पहिल्या महायुद्धात आपल्याकडचे कितीतरी शिपाई मेसोपोटेमियात, याच बाबेलच्या मुलखात लढले. समजा त्यांतल्या एकाने घरी पत्र लिहिलं, 'सुगीपर्यंत येतो, धीर सोडू नका', आणि ते आज पणतीला पेटीत सापडलं. ती काही सुगीला एसटी स्टँडवर जाऊन पणजोबांची वाट पाहत बसणार नाही. पण ते पत्र आपलं नाही असंही ती म्हणणार नाही. ज्या माणसाच्या रक्ताचे आपण आहोत तो कसा होता, त्याने घरच्यांना कसं धरून ठेवलं, हे तिला त्या पत्रातून कळेल, आणि ते तिचंच आहे. यिर्मयाचं पत्र तुमचं आहे ते असं. त्यातली मुदत तुमची नाही, सुटकेचा तो विशिष्ट शब्द तुम्हांला दिलेला नाही. पण पत्र पाठवणारा देव तुमचा आहे. मंदिर नसताना, देश नसताना, शत्रूच्या शहरात तो आपल्या लोकांना ओळख देत होता. दारापाशी नोकरी येईपर्यंत तो तुमच्या घराबाहेर थांबलेला नाही.

आणि काळात ठेवून वाचणं ही सेमिनरीवाल्यांनी काढलेली नवी गोष्ट नाही. दानीएलाचा ९ वा अध्याय पाहा. तो यिर्मयाचं लिखाण उघडतो आणि वर्षं मोजतो. शास्त्रातलाच माणूस शास्त्र असं वाचतो. वर्षं मोजून झाल्यावर तो गोणपाट नेसून, राख घालून प्रार्थनेला बसतो. अभ्यासाने त्याची प्रार्थना सुकली नाही.

गटात कुणी २ करिंथ १:२० दाखवेल, की देवाची सगळी वचनं ख्रिस्तात 'होय' आहेत. खरंच आहेत. पण त्याच अध्यायात, बारा वचनं आधी, पौल लिहितो की आशियात आमच्यावर इतका भार पडला की आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. ज्याला ख्रिस्तात 'होय' ऐकू आलं त्याचंही वर्ष असं जाऊ शकतं.

ओळखायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. दहावी शिकलेल्या बाईला जमेल का? नक्की जमेल, कारण संदेष्ट्यांनी आपली तारीख बहुधा दारातच लावून ठेवली आहे. कुठलंही वचन आवडलं की आधी त्या पुस्तकाचं पहिलं पान उघडा. यिर्मयाची पहिली तीन वचनं राजांची नावं देतात. हाग्गय तर वर्ष, महिना, दिवस सगळं सांगतो: दारयावेश राजाचं दुसरं वर्ष, सहावा महिना, पहिला दिवस, म्हणजे इ.स.पू. ५२० चा ऑगस्ट. आमोस म्हणतो, भूकंपाच्या दोन वर्षं आधी. राजाचं नाव मिळालं की २ राजे किंवा २ इतिहासमध्ये तो राजा शोधा आणि त्याची हकिकत वाचा. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं. पत्रांच्या बाबतीत लिहिणारा कुठे आहे ते पाहा. "मला सामर्थ्य देतो त्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो" हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन परीक्षेच्या आधी मुलांना देतात, पण ते तुरुंगातून लिहिलेलं आहे, आणि त्याच्या आधीच्या ओळीत पौल भुकेलं राहायला शिकलो असं सांगतो. तुमच्या मुलाला या वर्षी त्या दोन ओळी एकत्र वाचून दाखवा.

यिर्मयाचं पुस्तक मात्र फसवतं. ते काळाच्या क्रमाने लावलेलं नाही. २६ वा अध्याय यहोयाकीमच्या (हा यहोयाखीनचा बाप) काळातला, २७ ते २९ सिद्कीयाच्या, आणि ३५-३६ पुन्हा मागे यहोयाकीमच्या काळात जातात. या ३६ व्यात राजा हिवाळ्यात शेगडीपुढे बसून यिर्मयाची गुंडाळी चाकूने कापून कापून जाळतो, आणि यिर्मयाचा लेखनिक बारूख ती पुन्हा लिहून काढतो. ते अवश्य वाचा, पण २९ च्या पुढची गोष्ट म्हणून नव्हे.

एक सावधगिरीही सांगते. इतिहासाच्या नावाखाली व्यासपीठावरून काहीही खपतं. यरुशलेमेत 'सुईचं नाक' नावाचा एक बुटका दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून त्यातून जायचा, हे मी कितीतरी प्रवचनांत ऐकलं आहे. अशा दरवाज्याचा येशूच्या काळातला कसलाही पुरावा नाही. येशूचं बोलणं जितकं अशक्य वाटतं तितकंच ते अशक्य आहे, आणि म्हणूनच शिष्य थक्क झाले. ज्या 'इतिहासाने' वचन एकदम सोपं आणि सोयीचं होतं, तो आधी तपासून घ्या.

फ्रेम काढू नका. तिच्याखाली पाच ते सात आणि दहावं वचन हाताने लिहून लावा. हस्ताक्षर कसंही असलं तरी चालेल. मिस्टरांना सध्या मनासारखं नसलेलं, कमी पगाराचं काम मिळत असेल आणि ते घेण्यात कमीपणा वाटत असेल, तर पाचवं वचन त्यांच्याबरोबर बसून वाचा. बाबेलला जे लोहार गेले ते तिथेही लोहारकी करतच जगले असतील. मुलाच्या ॲडमिशनचं एक वर्ष गेलं आहे, शिक्षण गेलेलं नाही. फॉर्म पुन्हा निघतील तेव्हाची तारीख आणि शिष्यवृत्तीला लागणारे दाखले आत्तापासून गोळा करायला लागा. सासूबाईंच्या दुखण्याचं गटातल्या एखाद्या समजूतदार बाईला सांगा. आठवड्यातून दोन तास कुणी त्यांच्यापाशी बसलं तरी तुम्हांला श्वास घेता येईल, आणि मंडळीने एवढं करायलाच हवं.

गटात बोललेल्या त्या बहिणीशी एकांतात बोला. तिने तुम्हांला सगळ्यांसमोर दुखावलं, पण तुम्ही तसं करू नका. पुढच्या कुटुंबप्रार्थनेत वचन वाचायची पाळी तुमची असेल तेव्हा यिर्मया २८ आणि २९ पूर्ण वाचून दाखवा. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं लागतील. समजावून सांगत बसू नका, नुसतं सावकाश वाचा.

आणि दीर सुटीवर घरी आले की त्यांना चहा द्या आणि समोर बसवा. त्यांना म्हणावं, वचन कुणाला लिहिलं ते सांगितलंत, आता २ राजे २४ आणि २५ मला ओळीने शिकवा. त्यांनाही त्याची गरज आहे. उद्या ते पाळक होतील, तेव्हा समोर तुमच्यासारख्याच बायका बसलेल्या असतील.

तुमची,
ताई